न भिणारी गाय : नव्याने गोठा सुरू करणाऱ्यांसाठी जनावरं हाताळण्याची पद्धत

गोठा घालायचा ठरला की शेडची लांबी-रुंदी, मुरघासाच्या बॅगा, मिल्किंग मशीन, गाय कुठल्या बाजारातून घ्यायची याची महिनोन्महिने चौकशी होते. गाईजवळ कुठल्या बाजूने जायचं, तिला खोड्यात, म्हणजे जनावर धरून उभं करायच्या चौकटीत, कसं न्यायचं, हात आधी कुठे ठेवायचा हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. ज्यांचं लहानपण बैलांमागे गेलं त्यांना ते न शिकवता येतं. पण आज पाच-दहा संकरित गाई घेऊन मुक्त संचार गोठा सुरू करणारी कितीतरी तरुण मुलं-मुली अशी आहेत, ज्यांच्या घरातून जनावरं जाऊन एक पिढी लोटली. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी एवढं समजून घ्या की हा फक्त दयामायेचा विषय नाही, दुधाचा आणि तब्येतीचाही आहे. कासेला हात लागला, ओळखीचा आवाज कानावर पडला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटतं, ते रक्तातून कासेत पोचतं आणि गाय पान्हा सोडते. त्याच वेळी ती दचकली, तिला काठी बसली, तर अॅड्रेनॅलिन हे भीतीचं संप्रेरक सुटतं आणि ते पान्ह्याला आडवं येतं. दूध कासेत असतं, पण खाली उतरत नाही. इली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी १९४१ साली हे मुद्दाम करून पाहिलं होतं. धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या, आणि पान्हा अडला. त्या भीतीचा असर अर्धा तासही टिकू शकतो. बरं, अडलेलं दूध कासेतच राहिलं की कासदाहाला, म्हणजे गावाकडे ज्याला दगडी म्हणतात त्याला, आयतं निमंत्रण मिळतं. भीती रोजचीच झाली तर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, रोगाशी लढायची ताकद उतरते, माज नीट दिसत नाही, गाय उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. डॉक्टरच्या बिलात ‘भीती’ असा रकाना नसतो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

पहिली पायरी : काही न करता गोठ्यात उभं राहा

आठवडाभर रोज अर्धा तास, चाऱ्याची आणि धारेची वेळ सोडून, हातात काठी-बादली न घेता गोठ्यात उभं राहा. फोन खिशात ठेवा. कोण कोणाला ढकलते, पाण्याच्या हौदावर आधी कोण जाते, कोण सगळ्यात मागे राहते, हे बघा. दुपारच्या निवांत वेळेला बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. तुम्ही आत आल्याबरोबर सगळ्यांचे जबडे थांबत असतील आणि त्या उठून उभ्या राहत असतील, तर तुमच्या येण्याचं त्यांना काय वाटतं ते त्यांनी सांगितलंच.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ ३३० अंशांतलं तिला दिसतं, फक्त शेपटीच्या बरोबर मागचा पट्टा दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप येणारा माणूस तिला सगळ्यात जास्त घाबरवतो. पण खोली ओळखायला दोन्ही डोळ्यांनी एकदम बघावं लागतं, आणि तसं ती फक्त समोरच्या चिंचोळ्या भागात बघू शकते. त्यामुळे जमिनीवरची सावली, ओली फरशी, गटाराची जाळी तिला खड्ड्यासारखी भासते. ती थांबते, मान खाली घालते, हुंगते. ते अडेलपण नव्हे, ती फक्त खात्री करून घेत असते. तिला पाच-दहा सेकंद द्या. त्याच क्षणी मागून फटका मारला, तर त्या जागी आपल्याला मार बसतो हे ती कायमचं शिकते.

कानही आपल्यापेक्षा तिखट. माणसाला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज तिला ऐकू येतात. शिट्टी, लोखंडी फाटक आपटणं, साखळीचा खणखणाट यांनी ती जास्त बिथरते. फाटकाच्या कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. दहा रुपयांचंही काम नाही.

दुसरी पायरी : हद्द आणि खांदा

प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारी हद्द असते. तुम्ही तिच्या बाहेर असाल तर ते फक्त तुमच्याकडे बघतं, आत पाऊल टाकलंत की दूर सरकतं. इंग्रजी पुस्तकांत हिला फ्लाइट झोन म्हणतात. रोज हात फिरवलेल्या गिर गाईची हद्द हातभरही नसते, तर माळावर वाढलेल्या तापट खिलार कालवडीची पंधरा-वीस फूटही असू शकते. ज्या गाईला ओळखता त्या गाईची हद्द तुम्हाला माहीत असलीच पाहिजे. ती शोधायची तर चालत जा आणि ती पहिलं पाऊल उचलेल तिथे थांबा. झालं.

दुसरी गोष्ट खांद्याची. गाईच्या खांद्यापाशी एक आडवी रेषा आहे असं समजा. तुम्ही हद्दीच्या कडेवर, खांद्याच्या मागच्या बाजूला आलात तर ती पुढे चालते. खांद्याच्या पुढे आलात तर ती थांबते किंवा मागे वळते. गाईला फाटकातून न्यायचं आहे आणि आपण तिच्या तोंडासमोर उभे राहून ‘हाल, हाल’ ओरडतोय, असं नव्या माणसाचं नेहमी होतं. शरीराने आपण तिला थांब म्हणतोय आणि तोंडाने चल. ती आपल्या शरीराचं ऐकते.

आता प्रत्यक्ष करून बघा. एक शांत गाय निवडा. सरळ तिच्या अंगावर चालून जाऊ नका, थोडं तिरकं, कडेकडेने जा. नजर तिच्यावर रोखू नका. खांद्याच्या मागे, कमरेच्या रेषेत, हद्दीच्या कडेवर एक पाऊल आत टाका. ती हलली की लगेच अर्धं पाऊल मागे या. सगळी विद्या या मागे येण्यात आहे. दाब सुटला हेच तिचं बक्षीस असतं. चालल्यावर दाब सुटतो हे दोन-चार वेळा कळलं की पुढच्या वेळी तुम्ही नुसतं वळलात तरी ती चालायला लागते. ती चालत असतानाही मागून दाब देतच राहिलात तर तिला करण्यासारखं एकच उरतं, पळणं.

दहा-बारा गाई एकदम न्यायच्या असतील तर बरोबर मागे चालू नका. पाठीमागून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं नागमोडी चाला, म्हणजे प्रत्येकीला तुम्ही कधी ना कधी दिसता. बड विल्यम्स या अमेरिकी गुराख्याने ही रीत गावोगाव फिरून शिकवली आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या टेम्पल ग्रँडिन यांनी हद्द नि खांद्याचं गणित आकृत्या काढून जगभर पोचवलं. त्यांचे कळप शेकड्यांचे होते. आपल्या सहा गाईंना नियम तेच लागू होतात, फक्त अंतरं लहान.

घाई न करण्याचं आणखी एक कारण खुरात आहे. गाय तिच्या चालीने चालते तेव्हा मान खाली असते, पुढचा पाय ती बघून टाकते आणि मागचा पाय जवळपास त्याच ठशावर पडतो. मागून रेटलं की डोकं वर जातं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि खडी-दगड थेट खुराच्या तळाला लागतो. कळपात लंगडणाऱ्या गाई वाढल्या तर खुराक तपासाच, पण त्यांना हाकतंय कोण आणि कसं, हेही बघा.

शेपूट पिरगळणं आजच बंद करा. शेपटीत मणके असतात आणि ते मोडतात. बाजारात वाकड्या शेपटीच्या गाई बघा, प्रत्येकीच्या मागे एक घाईतला माणूस होऊन गेलेला असतो. पराणीची आर, म्हणजे काठीच्या टोकाचा खिळा, तर गोठ्यात नकोच. काठी ठेवायची असेल तर हात लांब करायला ठेवा, टेकवायला, मारायला नाही.

तिसरी पायरी : गाईच्या वाटेने स्वतः चालून बघा

गाई एकाच जागी रोज अडत असतील तर खोट गाईत नाही, जागेत आहे. तिच्या डोळ्यांच्या उंचीला वाका आणि तीच वाट चाला. वाऱ्यावर हलणारी ताडपत्री, कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल, कवडशातून चमकणारं पाणी, बोळाच्या तोंडाशी बांधलेला कुत्रा, असलं काहीतरी सापडतंच. ते काढा आणि दुसऱ्या दिवशी फरक बघा.

अंधाऱ्या जागेत शिरायला गाय नाखूश असते, उजेडाकडे ती सहज जाते. पण डोळ्यात घुसणारा उजेडही नको. फरशी गुळगुळीत असेल तर खाचा पाडून घ्या किंवा रबरी मॅट टाका. एकदा घसरून पडलेली गाय त्या जागी आठवडाभर थरथरते. अर्थिंगही तपासून घ्या. पत्र्यात, पाण्याच्या हौदात किंवा मशीनच्या पाइपात उतरलेला जो करंट आपल्याला चपलेमुळे जाणवत नाही, तो ओल्या फरशीवर चार उघड्या पायांवर उभ्या असलेल्या गाईला जाणवतो. गाय पाण्याला तोंड लावून झटकन मागे घेत असेल तर आधी वायरमनला बोलवा.

चौथी पायरी : धार

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दिवसातून दोनदा होणारी ही गोष्ट बरोबर झाली की बाकी निम्मं आपोआप सुधारतं.

वेळ ठरलेली ठेवा. माणूस शक्यतो तोच, कपड्यांचा वास-रंग तोच, क्रमही तोच. गाई माणसं ओळखतात. चांगलं वागणारा कोण आणि फटके देणारा कोण हे त्यांना नीट कळतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी ज्याने वाईट वागवलं तो माणूस धारेच्या वेळी नुसता समोर उभा होता, कोणाला हातही लावला नाही, तरी गाईंच्या कासेत उरलेलं दूध ७० टक्क्यांनी वाढलं.

गाईच्या बाजूने, खांद्याच्या रेषेत, बोलत बोलत जवळ जा. काय बोलता याला महत्त्व नाही, तुम्ही येताय हे तिला कळावं एवढंच. पहिला हात कधीही थेट कासेला नको. आधी खांद्यावर किंवा पाठीवर ठेवा, तो न उचलता मागे सरकवत कमरेपर्यंत, मग मांडीवरून कासेकडे न्या. हात अंगावर टेकलेला असला की गाय दचकत नाही, आणि तिने लाथ उचलायच्या आधी मांडीचा स्नायू ताठ झालेला तुमच्याच हाताला कळतो. गाय घोड्यासारखी फक्त मागे लाथ मारत नाही. तिचा पाय पुढे येतो आणि बाजूला गोल फिरतो. म्हणून एक तर तिच्या अंगाला चिकटून उभं राहा, नाहीतर पुरतं लांब. मधल्या अंतरात लाथेचा पूर्ण जोर बसतो.

मग सड धुवा, स्वच्छ कापडाने कोरडे करा, प्रत्येक सडाच्या तीन-चार धारा वेगळ्या कपात काढून गाठी आहेत का बघा. पहिल्या स्पर्शापासून साधारण ६० ते ९० सेकंदांत पान्हा उतरतो. सड टम्म फुगतात, दिसतं ते. तेव्हाच मशीन लावा किंवा हाताने सुरू करा. त्याआधी लावलं तर कोरडे सड ओढले जातात आणि दुखणं गाय लक्षात ठेवते. उशीर केला तर ऑक्सिटोसिनचा जोर ओसरतो, तो काही मिनिटांचाच असतो. सहा-सात मिनिटांत गाय मोकळी झाली पाहिजे. धार झाली की सड औषधात बुडवा आणि समोर ताजा चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाची तोंडं मिटायला तेवढा वेळ लागतो.

पान्हा आलाच नाही तर? ओढाताण करू नका. बाजूला व्हा, थोडं आंबोण (भिजवलेला खुराक) ठेवा, गोठ्यातला गोंगाट थांबवा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. गिर किंवा इतर देशी गाय असेल तर वासरू जवळ आणा, तिचा पान्हा वासरावर जास्त अवलंबून असतो. म्हैस मुळातच पान्हा उशिरा सोडते आणि माणूस बदललेला तिला गाईहूनही कमी खपतो. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देऊन रोज दूध काढायची पळवाट कोणी सुचवेल. त्याची सवय लागली की पुढे इंजेक्शनशिवाय गाय पान्हाच सोडत नाही. शिवाय दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला बाधक असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे.

सवयीने काय साधतं ते कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन बघा. रहदारी, हॉर्न, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि मधोमध उभ्या म्हशीची धार थेट पेल्यात. म्हशीसारखं पान्ह्याला नाजूक जनावर तिथे रवंथ करत उभं राहतं. त्या म्हशींना लहानपणापासून माणसांची, आवाजाची ओळख आहे आणि हात नेहमीचे आहेत.

आणि गाईला नाव ठेवा, त्याच नावाने हाक मारा. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाने ५१६ दूध उत्पादकांना विचारून २००९ साली जो निष्कर्ष मांडला, त्यात नावाने हाक मारल्या जाणाऱ्या गाईंच्या गोठ्यात वेताला सरासरी २५८ लिटर दूध जास्त निघत होतं. नावाने दूध वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. नाव ठेवणारा माणूस प्रत्येक गाईकडे वेगळं बघतो, हे जास्त खरं असावं. आपल्याकडे कपिला, हरणी, चंद्री ही रीत आहेच. कानातला १२ अंकी बिल्ला सरकारी नोंदीसाठी असू द्या.

पाचवी पायरी : खोडा, लस, रेतन

धारेच्या जागी सुई कधीही टोचू नका. दुखणं कुठे झालं ते गाय जागेसकट लक्षात ठेवते. लाळ्या खुरकुताची लस सहा महिन्यांनी येणारच, रेतन आहे, गाभण तपासणी आहे. या सगळ्यासाठी वेगळा खोडा असावा.

खोडा बसवल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्यात काहीच करू नका. समोर पेंड ठेवा, एकेक गाय आत येऊ दे, खाऊ दे, दुसऱ्या बाजूने निघून जाऊ दे. मग कधी दार लावा, पाठ खाजवा, सोडून द्या. खोडा म्हणजे पेंड, हे पक्कं झाल्यावरच सुईचा दिवस येऊ द्या, आणि सुई झाल्यावरही पेंड द्या. दोन्ही बाजूंना बारदानं बांधली तर आजूबाजूची माणसं दिसत नाहीत आणि गाय जास्त शांत राहते. सगळ्यात गरीब गाय आधी न्या, बाकीच्या तिच्यामागे येतात. बुजरीला कळपातून एकटी तोडून आणू नका, एक मैत्रीण बरोबर असू द्या. कळपापासून तुटणं हीच जनावराला सगळ्यात मोठी भीती.

वेसणीला झटके देऊ नका. नाकपुडीची कातडी फार हळवी असते. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, घालून शिकवलेल्या कालवडीला पुढे वेसणीची गरज सहसा पडत नाही.

रेतनाबद्दल एकच. सकाळी माजावर आलेल्या गाईला संध्याकाळी भरवायचं हे सगळे सांगतात, पण भरवण्याआधी तिला अर्धा किलोमीटर पळवत, आरडाओरडा करत आणली तर वेळ पाळूनही ती उलटू शकते. डॉक्टर यायच्या तासभर आधीच तिला शांतपणे सावलीत आणून ठेवा. भरवून झाल्यावर गळ्याखालच्या पोळीवर खाजवा. गाई एकमेकींना चाटतात ते याच भागात, आणि तिथे हात फिरला की मान लांब करून, कान सैल सोडून त्या उभ्या राहतात. थोपटण्यापेक्षा हे त्यांना जास्त आवडतं.

सहावी पायरी : बाजारातून आलेली गाय

लोणी, काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारातून जनावर घेताना दात आणि कास सगळेच बघतात. विकणाऱ्याला आणखी काही विचारा. धार डाव्या बाजूने काढता की उजव्या? हाताने की मशीनने? बाई काढते की गडी? समोर काय ठेवता? वासरू सोडता का? नाव काय? ही उत्तरं लिहून घ्या आणि पहिले पंधरा दिवस तसंच करा, मग हळूहळू आपल्या रीतीवर आणा.

गाडीत चढवताना मातीच्या भरावाचा किंवा फळीचा चढ करा, खाली वाळू-भुसा टाका, आतल्या बाजूला दिवा लावा. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे एका मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नेता येत नाहीत. उन्हाळ्यात प्रवास रात्रीचाच ठेवा. घरी उतरल्यावर आधी पाणी, मग सुका कडबा, मग विश्रांती. त्याच दिवशी जंतनाशक, लस, गोचिडाची फवारणी असा सगळा मारा करू नका. तीन-चार आठवडे वेगळी बांधा, पण बाकीच्या गाई तिला दिसतील अशी. रोगाचा धोका टळतो आणि ओळखही होते. कळपात सोडताना शक्यतो दोन एकदम, संध्याकाळी, गव्हाण भरलेली असताना सोडा. दोन-तीन दिवस ढुशा चालतात. मध्ये पडू नका, फक्त पळायला जागा आणि पाण्याला दोन ठिकाणं असू द्या.

सातवी पायरी : कालवडी

शांत कळप विकत मिळत नाही, तो वासरापासून घडतो. रोज दोन मिनिटं हात लावलेलं वासरू मोठेपणी बुजत नाही. शिंगाच्या कळ्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, डॉक्टरकडून, भूल देऊन काढून घ्या. मोठेपणी शिंग कापणं फार वेदनेचं असतं. पहिलारू कालवडीला विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून धारेच्या जागी नेत जा, मशीनचा आवाज ऐकवा, कासेवर हात फिरवा. विल्यावर पहिल्याच दिवशी दोरीने पाय बांधून धार काढली तर पुढची सगळी वेतं तुम्ही पाय बांधतच राहाल.

गडी आणि धोके

गोठ्यात कामाला माणूस ठेवला असेल तर हे सगळं त्याच्याकडून होणार आहे. त्याला फक्त लिटरवर तोलू नका. धारेच्या जागी किती गाईंनी शेण टाकलं, किती लाथा उचलल्या, खोड्यातून किती चालत बाहेर आल्या आणि किती उसळून, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहायला लावा. भ्यालेली गाय धारेच्या जागी शेणते, त्यामुळे आकडे खोटं बोलत नाहीत. माणूस बदलायचा असेल तर जुना आणि नवा आठवडाभर बरोबर राहू द्या.

शांतपणे वागायचं म्हणजे बेसावध राहायचं नाही. वळू कितीही गरीब असो, त्याच्याकडे पाठ करू नका आणि लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. नुकती व्यालेली गाय ओळखीच्या माणसालाही ढुशी देते. तिच्या आणि वासराच्या मध्ये उभं राहू नका, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा.

एरवी गरीब असलेली गाय अचानक मारकी झाली तर तिला वळण लावायच्या आधी तिला तपासा. सडावर चीर आहे का, कास गरम आहे का, खुरात काही रुतलंय का, वेसणीखाली जखम आहे का. बहुतेकदा यातलं काहीतरी सापडतं. हाताला लागलं नाही तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून डॉक्टरला बोलवा, आणि ते येईपर्यंत तिची धार हाताने, हळू काढा.